एकही प्रथिन बिघडलेले नसताना

चार पंखांच्या फळमाशीचे छायाचित्र जीवशास्त्र शिकलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेले असते. मीही ते पुष्कळदा पाहिले होते, आणि सवयीच्या गोष्टीचे होते तसे त्याचेही झाले होते. ते समोर यायचे, पण मी त्याच्याकडे पाहत नसे. एका व्याख्यानात ते पुन्हा पडद्यावर आले. लाल डोळे, पिवळसर तपकिरी अंग, आणि पंखांच्या नेहमीच्या जोडीमागे तेवढीच पारदर्शक, तशाच शिरांची दुसरी जोडी. मागच्या ओळीतल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "हिचे कोणते प्रथिन बिघडले आहे?" व्याख्याते म्हणाले, "एकही नाही," आणि पुढच्या चित्राकडे वळले. व्याख्यान चालू राहिले, मी मात्र त्या दोन शब्दांपाशी अडकले. उत्तर मला ठाऊक होते. परीक्षेत आले असते तर मी ते व्यवस्थित लिहिले असते. पण अख्खा अवयवच्या अवयव बदलून जावा आणि तरीही ज्या पदार्थांनी शरीर घडते त्यांतला प्रत्येक पदार्थ जसाच्या तसा शाबूत असावा, ही गोष्ट त्या दिवसापर्यंत माझ्या मनाला खऱ्या अर्थाने भिडलीच नव्हती.

फळमाशीच्या छातीचे तीन खंड असतात. मधल्या खंडावर पंखांची जोडी असते आणि तिसऱ्या खंडावर, जिथे इतर बहुतेक कीटकांना पंखांची दुसरी जोडी असते, तिथे माशीला संतोलक असतात. टोकाशी गोळा असलेल्या दोन आखूड दांड्या, ज्या उडताना वेगाने हलत राहतात आणि माशीचा तोल सांभाळतात. तिसऱ्या खंडात अल्ट्राबायथोरॅक्स नावाचे प्रथिन तयार होते म्हणून तिथे पंखाऐवजी संतोलक घडतो. कॅल्व्हिन ब्रिजेस यांना १९१५ मध्ये असा एक माशीप्रकार सापडला की ज्याच्या संतोलकाचा काही भाग पंखासारखा होता. त्यानंतर एडवर्ड लुईस यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये गुणसूत्राच्या त्याच एका भागावर कित्येक दशके घालवली. त्यांनी असे बदल एकेक करून जमवले, त्यांचे संकर केले, एकाच माशीत ते एकत्र आणले. एका बदलाने संतोलकाचा फक्त पुढचा अर्धा भाग पंखाच्या वळणावर जातो, दुसऱ्याने फक्त मागचा अर्धा. दोन्ही अर्धे एकाच माशीत जुळवून आणले की संपूर्ण पंख तयार होतो, आणि पडद्यावरची ती माशी जन्माला येते. लुईस यांचा या विषयावरचा गाजलेला लेख १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा या प्रत्येक बदलामागे एक स्वतंत्र जनुक असावे असे मानण्यास पुरेसे कारण होते.

पुढच्या दशकात तो भाग प्रत्यक्ष हाती लागला, आणि हिशेब जुळेना. डीएनएच्या तीन लाखांहून अधिक अक्षरांच्या त्या पट्ट्यात, म्हणजे बायथोरॅक्सच्या पट्ट्यात, प्रथिने बनवणारी होमिओटिक जनुके, म्हणजे कोणत्या खंडाने कोणते रूप घ्यायचे ते ठरवणारी जनुके, फक्त तीन निघाली: अल्ट्राबायथोरॅक्स, अ‍ॅब्डॉमिनल-ए आणि अ‍ॅब्डॉमिनल-बी. लुईस यांनी गुणसूत्रावर ओळीने मांडलेले बहुतेक बदल या जनुकांच्या प्रथिन बनवणाऱ्या भागात नव्हतेच. ते आजूबाजूच्या लांबच लांब, कोणतेही प्रथिन न सांगणाऱ्या डीएनएमध्ये होते. कुठे 'जिप्सी' नावाचा भटका डीएनए-तुकडा येऊन घुसला होता, तर मागच्या अर्ध्या भागाशी संबंधित असलेल्या बदलात सुमारे सतरा हजार अक्षरेच गळून गेली होती. अल्ट्राबायथोरॅक्सचे प्रथिन सांगणारी अक्षरे अबाधित होती; शरीरात इतरत्र ते प्रथिन नीट बनतही होते. तिसऱ्या खंडातल्या त्या विशिष्ट जागी, त्या विशिष्ट वेळी ते बनवायचे, एवढीच गोष्ट हरवली होती. मला सर्वांत विलक्षण वाटते ती याच्याही पुढची बाब. हे नियामक तुकडे गुणसूत्रावर ज्या क्रमाने आहेत, त्याच क्रमाने ते शरीराचे खंड सांभाळतात. पहिला तुकडा छातीच्या मागच्या टोकाला, त्यानंतरचे पोटाच्या एकेका खंडाला, शेवटचे शेपटाकडे. शरीराचा नकाशा डीएनएवर सरळ रेषेत अंथरलेला सापडावा, असे कुणी आधी सुचवले असते तर ते फार भाबडे वाटले असते.

मग हे तुकडे जागा कशी ओळखतात?

त्यासाठी अंड्याच्या पहिल्या तीन तासांकडे जावे लागते. फळमाशीचे अंडे जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असते. फलनानंतर त्यातले केंद्रक दर आठ-दहा मिनिटांनी दुप्पट होत जाते, पण पेशींच्या भिंती मध्ये पडत नाहीत. तेरा विभाजने होईपर्यंत सगळी केंद्रके एकाच द्रवात, एकाच छताखाली असतात, आणि त्यांतली बहुतेक हळूहळू पृष्ठभागाशी येऊन एकसारखी मांडली जातात. सुमारे सहा हजार केंद्रके. प्रत्येकात अक्षरन् अक्षर तोच डीएनए. कोणाचे डोके व्हायचे आणि कोणाचे पोट, हे त्यांच्या डीएनएत पाहून सांगता येणार नाही. फरक आहे तो भोवतालच्या द्रवात. आईने अंड्याच्या पुढच्या टोकाशी बायकॉइड नावाच्या जनुकाचा आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी काढलेली त्या जनुकाची प्रत, ठेवलेला असतो. अंडे घातल्यावर त्यापासून प्रथिन बनू लागते आणि ते मागे पसरत जाते. पुढे दाट, मागे विरळ, आणि मधल्या प्रत्येक ठिकाणी थोडे वेगळे प्रमाण. वोल्फगांग ड्रीव्हर आणि क्रिस्टियाना न्यूसलाइन-फोलहार्ड यांनी १९८८ मध्ये हा उतार प्रत्यक्ष दाखवला. त्याआधी न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी हायडेलबर्गमध्ये दोघांना एकाच वेळी पाहता येईल अशा सूक्ष्मदर्शकाशी बसून असंख्य बिघडलेले भ्रूण तपासले होते, आणि शरीराचे खंड पाडणारी जनुके १९८० मध्ये जगासमोर ठेवली होती. लुईस यांच्यासह या दोघांना १९९५ चे नोबेल मिळाले. या कामातून जनुकांची यादी मिळाली. पण एखाद्या जनुकाला आपण कुठे काम करायचे हे कसे कळते, ही उकल यादीतल्या नावांत मिळण्यासारखी नव्हती.

माझ्या विद्यार्थिदशेत मी भ्रूण रंगवण्याचे काम केले आहे. माश्यांच्या खोलीत यीस्टचा आंबूस उबट वास कायम भरलेला असे, आणि तो कपड्यांत मुरून घरापर्यंत येत असे. भ्रूणांचे बाहेरचे कवच विरंजक द्रावणात काढून टाकायचे, त्यांना स्थिर करायचे, मग एखाद्या जनुकाच्या आरएनएला चिकटणारा शोधक घालायचा, आणि शेवटच्या पायरीला रंग उमटण्याची वाट पाहायची. हा शेवटचा भाग मला फार आवडत असे. भिंगाखाली फिक्या पिवळट भ्रूणांचा ढीग असे, त्यात काहीच दिसत नसे; मग पाच-दहा मिनिटांत एखाद्या भ्रूणावर जांभळट सावली येई, ती गडद होई, आणि बघता बघता तिचे आडवे पट्टे होत. इव्हन-स्किप्ड या जनुकाचे सात पट्टे. वेळेवर प्रक्रिया थांबवली नाही तर सगळाच भ्रूण काळवंडतो, म्हणून डोळे हटवता येत नसत. पट्ट्यांची नियमितता पाहून वाटायचे की यामागे काहीतरी एकच लयबद्ध सूत्र असेल, जे सात वेळा आपोआप पुनरावृत्त होत असेल.

तसे सूत्र नाही. माईक लेविन, स्टीफन स्मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या आसपास या जनुकाच्या शेजारचा डीएनए तुकड्यातुकड्याने वेगळा केला, प्रत्येक तुकडा एका रंग देणाऱ्या जनुकापुढे जोडला आणि तो माशीत परत घातला. एका तुकड्याने सातांपैकी फक्त दुसरा पट्टा रंगवला. दुसऱ्या एका तुकड्याने तिसरा आणि सातवा. पुढे जनुकाच्या पलीकडच्या बाजूला चौथ्या-सहाव्यासाठी एक, पाचव्यासाठी एक, पहिल्यासाठी एक असे तुकडे सापडले. ज्या लयीचा मला भास होत असे, ती पाच वेगवेगळ्या तुकड्यांनी आपापल्या परीने सोडवलेल्या पाच वेगवेगळ्या प्रश्नांची बेरीज होती. थोडे वाईट वाटले होते हे समजले तेव्हा. एका सुंदर सूत्राची अपेक्षा मोडली होती. पण दुसऱ्या पट्ट्याचा तुकडा नीट समजून घेतला आणि ते वाईट वाटणे मावळले.

तो तुकडा जेमतेम ४८० अक्षरांचा आहे आणि जनुकाच्या आरंभापासून हजारभर अक्षरे मागे बसलेला आहे. त्याच्यावर चार प्रथिने बसू शकतील अशा डझनभर जागा आहेत. बायकॉइड आणि हंचबॅक ही दोन प्रथिने बसली तर जनुक चालू होते. पण ही दोन्ही भ्रूणाच्या पुढच्या जवळजवळ अर्ध्या भागात असतात, म्हणजे एवढ्यावरच भागले असते तर पट्टा न उमटता अर्धा भ्रूण रंगला असता. उरलेली दोन प्रथिने रोखणारी आहेत. जायंट हे पुढच्या बाजूला असते आणि क्रुपेल मधोमध. त्यांच्या बसण्याच्या काही जागा चालू करणाऱ्यांच्या जागांवरच येतात किंवा त्यांना खेटून असतात. त्यामुळे जायंट जिथे आहे तिथे तुकडा बंद, क्रुपेल जिथे आहे तिथे तुकडा बंद, आणि या दोघांच्या मधल्या अरुंद फटीत, जिथे रोखणारे कोणी नाही आणि चालू करणारे दोघेही हजर आहेत, तिथे जनुक चालते. ती फट म्हणजे दुसरा पट्टा, तीन-चार केंद्रके रुंद. एखाद्या केंद्रकाला आपण अंड्यात कुठे आहोत हे सांगणारे कोणी नसते. पण या ४८० अक्षरांवर त्या क्षणी कोण कोण येऊन बसले आहे, यावरून ते ठरते. शेजारच्या तुकड्यांची गल्लत का होत नाही, याचेही उत्तर तितकेच साधे आहे. क्रुपेलचा रोखण्याचा पल्ला शंभरेक अक्षरांपुरताच असतो, म्हणून दुसऱ्या पट्ट्याच्या तुकड्यावर ते बसले तरी तिसऱ्या पट्ट्याचा तुकडा आपले काम करत राहतो. इतक्या थोड्या अक्षरांत इतका नेमका विवेक साठवलेला पाहिला की मला आजही भरून येते.

याच तुकड्याने पुढे एक अधिक अवघड गोष्ट शिकवली. मार्टिन क्रिटमन यांच्या गटाने मेलॅनोगॅस्टर आणि स्यूडोऑब्स्क्युरा या फळमाशीच्या दोन जातींचे दुसऱ्या पट्ट्याचे तुकडे शेजारी ठेवले. अक्षरे बऱ्याच ठिकाणी बदललेली होती, काही बसण्याच्या जागा एकीत होत्या आणि दुसरीत नव्हत्या. तरी दुसऱ्या जातीचा तुकडा मेलॅनोगॅस्टरमध्ये घातला तर पट्टा योग्य जागीच येई. मग त्यांनी अर्धा तुकडा एका जातीचा आणि अर्धा दुसऱ्या जातीचा असा जोडला, आणि पट्टा जागचा हलला. हे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. दीर्घ संसारात एकाने थोडे वाकावे, दुसऱ्याने तेवढे सावरून घ्यावे, आणि वर्षानुवर्षे घर तसेच उभे दिसावे, तसे या तुकड्याच्या दोन अर्ध्यांचे झाले होते. दोन वेगवेगळ्या घरांतली एकेक व्यक्ती घेऊन नवा संसार थाटला तर ते सावरणे जुळत नाही. अक्षरे झिजतात, बदलतात, आणि तरी कार्य टिकते. प्रथिनांच्या जनुकांवर पोसलेल्या माझ्या नजरेला, जिथे अक्षर बदलले की अर्थ बदलतो, हे पचायला वेळ लागला. या डीएनएचा अर्थ एकेका अक्षरात शोधून मिळत नाही. तो अक्षरांच्या आपसातल्या तडजोडीत असतो, आणि ती तडजोड नुसत्या वाचनाने दिसत नाही.

काही तुकडे तर पहिल्या पाहणीत अनावश्यकच वाटतात. एकाच जनुकाला एकाच जागी चालू करणारे दोन-दोन तुकडे सापडू लागले, तेव्हा दूरच्या जोडीदाराला छाया-एन्हान्सर असे नाव मिळाले; जनुक चालू करणाऱ्या अशा नियामक तुकड्याला एन्हान्सर म्हणतात. शेव्हनबेबी हे जनुक अळीच्या अंगावरची बारीक लव कुठे उगवायची ते ठरवते. डेव्हिड स्टर्न यांच्या गटाने त्याचे असे जादा तुकडे काढून टाकले, आणि सुखाच्या तापमानात वाढलेल्या अळ्यांत फारसे काही बिघडले नाही. पण फार थंड किंवा फार उष्ण तापमानात वाढवलेल्या अळ्यांची लव विरळ झाली. उपयोग कशाचा आहे हे ठरवताना आपण किती सोयीच्या परिस्थितीत ते तपासतो, याची मला या प्रयोगाने फार जाणीव करून दिली. प्रयोगशाळेतले पंचवीस अंश सेल्सिअस हे माशीचे जग नाही.

स्थिर केलेल्या भ्रूणांवर जे पट्टे मी पाहत असे, ते मृत क्षणाचे चित्र होते. २०१३ पासून जिवंत भ्रूणात जनुक चालू होताना पाहता येऊ लागले. तयार होणाऱ्या आरएनएला चमकणारे प्रथिन चिकटते आणि केंद्रकात एक ठिपका उजळतो. त्या चित्रफिती मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. पट्टा सलग उजळत नाही. एका केंद्रकात ठिपका पेटतो, विझतो, शेजारी दुसरा पेटतो, मग काही क्षण दोन्हीकडे अंधार, मग पुन्हा. जनुक धारेने चालत नाही, ते उसळ्यांनी चालते, आणि एन्हान्सर मुख्यतः किती वेळा उसळी यायची हे ठरवतो. इतक्या धांदलीतून काही मिनिटांत सरळ कडांचा पट्टा तयार होतो. हजारो अक्षरे दूर असलेला तुकडा जनुकाशी बोलतो कसा, हेही अशा चित्रफितींत तपासले गेले. तुकडा आणि जनुक वेगवेगळ्या रंगांनी खुणावले, तर ते अवकाशात जवळ येऊन टिकून राहिले तेव्हाच जनुक चालू झालेले दिसले. कोणी कोणाजवळ यायचे यावरही पहारा असतो. इन्सुलेटर नावाचे तुकडे शेजाऱ्यांमध्ये हद्द आखतात, आणि बायथोरॅक्सच्या पट्ट्यातली अशी एक हद्द काढून टाकली की पोटाचा सहावा खंड सातव्याचे रूप घेतो.

आणि तरी एक शंका उरतेच. जायंट, क्रुपेल ही प्रथिने काही तासांत नाहीशी होतात. संतोलक मात्र पुढे अळीत आणि कोषात घडत राहतो आणि माशी बाहेर पडते ती दहाव्या दिवसाच्या सुमारास. ज्यांनी निर्णय घेतला ते निघून गेल्यावर निर्णय कोण पाळतो? इथे पुन्हा प्रथिन न सांगणारा डीएनएच पुढे येतो. पॉलिकोंब गटाची प्रथिने काही ठराविक तुकड्यांवर बसतात आणि जे जनुक बंद ठरले आहे ते पेशी विभागत गेल्या तरी बंदच ठेवतात. या गटाची पहिली खूण पामेला लुईस यांना १९४७ मध्ये मिळाली होती. नराच्या फक्त पुढच्या पायांवर असणारे केसांचे कंगवे मागच्या पायांवरही उगवलेली माशी. विसर पडलेली माशी, असे मी तिला मनातल्या मनात म्हणते. एडवर्ड लुईस यांचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. त्यांच्या पत्नीने नोंदवलेली ही माशी तितकीच लक्षात राहायला हवी होती, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

या सगळ्या कौतुकाच्या भरात एक मर्यादा सांभाळली पाहिजे. प्रथिन न सांगणारा प्रत्येक तुकडा काही ना काही करतच असतो, असा उत्साही दावा अधूनमधून ऐकू येतो आणि तो मला मान्य नाही. माशीच्या जनुकसंचात भटक्या तुकड्यांची आणि पुनरावृत्त अक्षरांची मोठी गर्दी आहे. त्यांतले बरेच स्वतःच्याच प्रती वाढवत राहतात आणि माशीला त्यांचा त्रासच होतो. बायथोरॅक्सच्या पट्ट्यात घुसलेला जिप्सी हा त्यांतलाच. मात्र फळमाशीत जनुकांच्या मधल्या जागा आश्चर्यकारक जपणुकीने टिकलेल्या आहेत. तिथली निम्म्याच्या आसपास अक्षरे मोकळेपणाने बदलू शकत नाहीत, कारण बदललेल्या माश्या निवडीत मागे पडतात, असा अंदाज २००५ मधल्या एका तुलनात्मक अभ्यासाने दिला. निम्मी हा फार मोठा भाग आहे, आणि उरलेली निम्मी तशी जखडलेली नाहीत हेही तितकेच लक्षात ठेवण्यासारखे आहे.

जपणूक आहे म्हणून बदल होत नाहीत असे नाही. बदल इथेच अधिक सोपे जातात. यलो हे जनुक शरीराच्या काळ्या रंगासाठी लागते. काही जातींच्या नरांच्या पंखाच्या टोकाशी एक काळा ठिपका असतो, आणि शॉन कॅरल यांच्या गटाने दाखवले की त्यामागे यलोच्या पंखातल्या नियामक तुकड्यात झालेला बदल आहे. प्रथिन बदलले असते तर अंगभर रंग बिघडला असता. एका तुकड्यात चार-दोन नव्या जागा तयार झाल्या आणि फक्त पंखावर नक्षी आली. शरीरांच्या विविधतेचा बराचसा भाग अशा स्थानिक फेरफारांतून आला असावा, हे मत मला पटते. माणसातही सॉनिक हेजहॉग या जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरे दूर असलेल्या एका तुकड्यातले एकच अक्षर बदलले तर हाताला सहावे बोट येऊ शकते. तिथेही प्रथिन निर्दोषच असते.

आता या तुकड्यांचे केवळ वाचन करून थांबण्याचा काळ मागे पडला आहे. व्हिएन्नातल्या अलेक्झांडर स्टार्क यांच्या गटाने माशीच्या भ्रूणातल्या माहितीवर संगणकाला शिकवले आणि निसर्गात कधीच नसलेले एन्हान्सर त्याच्याकडून लिहवून घेतले. मेंदूसाठी, आतड्यासाठी, स्नायूंसाठी. ते माशीत घातले तेव्हा बहुतेक तुकड्यांनी अपेक्षित ऊतीतच जनुक चालू केले. ही बातमी वाचून मला आनंद झाला आणि अस्वस्थही वाटले, कारण संगणक तुकडा लिहू शकतो म्हणून आपल्याला तो समजला असे होत नाही. दुसऱ्या पट्ट्याच्या ४८० अक्षरांबद्दल कोण कुठे बसते आणि का, हे आपण वाक्यांत सांगू शकतो. या नव्या तुकड्यांबद्दल तसे सांगणे अजून फार थोड्यांच्या बाबतीत जमते. जे तुकडे चालायला हवे होते आणि चालले नाहीत, त्यांच्याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे असे मला वाटते. त्यांच्यात सगळ्या ज्ञात जागा योग्य संख्येने असूनही काय कमी पडले, हे कुणी एकेक अक्षर बदलून तपासले तर कळू शकेल.